विज्ञान प्रदर्शन : उपकरणाहून मोठी वही

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या की धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. घरोघरी पुठ्ठ्याचे आणि थर्माकोलचे तुकडे पसरतात, मोडक्या खेळण्यांतील मोटारी बाहेर निघतात, सायकलच्या दुकानातून छरे आणि जुन्या ट्यूब मागून आणल्या जातात. तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन जवळ आलेले असते. तेथे निवड झाली तर जिल्हा, जिल्ह्यानंतर राज्य आणि त्यानंतर राष्ट्रीय पातळी, अशी ती चढण आहे. चढणाऱ्या मुलामुलींचे वय दहा ते सोळा वर्षांचे. याच वयात हाताला वळण लागते आणि मनालाही लागते. म्हणूनच या तयारीचा विचार धर्मसंस्थेच्या व्यासपीठावर होणे अप्रस्तुत ठरू नये.

या स्पर्धांना आता मोठी परंपरा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे मुलांसाठीचे पहिले राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन १९७१ साली दिल्लीत भरले. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. तीत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, मुलाखत आणि प्रकल्प यांचीही कसोटी असते. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. आपल्या परिसरातील एखादा प्रश्न घेऊन गटाने त्याचा शोध घ्यावा, अशी तिची अट आहे. केंद्र शासनाची इन्स्पायर योजना डिसेंबर २००८ मध्ये आरंभली. पुढे तिच्या 'मानक' या नव्या रूपात निवडलेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती तयार करण्यासाठी दहा हजार रुपये थेट त्याच्या बँक खात्यात मिळू लागले. मार्ग अनेक झाले, परंतु त्या मार्गावरून चालावे कसे, हा प्रश्न प्रत्येक घराला नव्याने पडतो.

पदार्थविज्ञान आणि अभियांत्रिकी या विभागांत तो अधिक तीव्रतेने पडतो, कारण येथे डोळ्यांना दिसणारी वस्तू उभी करावी लागते. सिरिंजमधील पाण्याच्या दाबाने वर उचलला जाणारा पूल, पवनचक्की, पाण्याची टाकी भरताच वाजणारी घंटा, भूकंपाची सूचना देणारे यंत्र! पाहणाऱ्याची नजर वस्तूच्या झगमगाटावर खिळते. त्यामुळे एक सोपी वाट उघडते. शहरातील दुकानांत जोडणीसाठी तयार संच मिळतात. काही ठिकाणी पूर्ण तयार प्रकल्पही विकत मिळतो. वडील पैसे मोजतात, थोरला भाऊ तारा जोडतो आणि विद्यार्थी चार वाक्ये पाठ करून टेबलामागे उभा राहतो. परीक्षकांनी "हे असे का ठेवले?" असा प्रश्न केला की मात्र तो क्षणभर वडिलांकडे पाहतो. त्या एका क्षणात सगळे उघड होते.

या प्रसंगी धाराशिवच्या लेण्यांशी जोडलेली करकंडू राजाची कथा स्मरते. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात ती आली असून डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९३४ साली कारंजा येथून प्रसिद्ध झाला. राजाला लेण्यातील भगवान पार्श्वनाथांच्या प्रतिमेवर एक गाठ दिसते. शोभेला बाधा आणणारी ही गाठ कशासाठी, असे तो वृद्ध शिल्पकाराला विचारतो. शिल्पकार सांगतो की लेणे कोरताना येथे पाण्याची शीर लागली होती आणि ती रोखण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजाचा आग्रह सुटत नाही; गाठ फोडली जाते आणि लेण्यात पाणी भरते. ही पुराणकथा आहे, प्रयोगाचा अहवाल नव्हे. तरीही त्या वृद्ध शिल्पकाराचे उत्तर प्रत्येक स्पर्धक विद्यार्थ्याने मनात ठेवावे असे आहे. त्याच्या कामात एक जागा ओबडधोबड होती, परंतु ती तशी का आहे, हे त्याला ठाऊक होते. उत्तम प्रकल्पाची खूण हीच होय. ठिगळ चालेल, मात्र ठिगळाचे कारण विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.

हे कारण कसे सापडते, याचे एक लहानसे उदाहरण घेऊ. त्यासाठी पाण्याची एक रिकामी बाटली पुरते. बाटलीला वेगवेगळ्या उंचीवर तीन छिद्रे पाडून पाणी भरले की तीन धारा निघतात. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, हे दाखविण्यासाठी हा प्रयोग सर्वत्र केला जातो. अनेक पुस्तकांतील आकृतीत सर्वांत खालच्या छिद्राची धार सर्वांत लांब पडलेली दाखवितात आणि विद्यार्थी तेच चित्र तक्त्यावर उतरवितात. आता बाटली सपाट जमिनीवर ठेवून मोजून पाहावे. पाण्याची उंची २४ सेंटिमीटर असेल आणि छिद्रे तळापासून ६, १२ व १८ सेंटिमीटरवर असतील, तर गणिताप्रमाणे मधली धार २४ सेंटिमीटरवर पडते आणि वरची व खालची या दोन्ही धारा सुमारे २१ सेंटिमीटरवर एकाच जागी पडतात. प्रत्यक्षात घर्षणामुळे आकडे थोडे कमी येतात, परंतु क्रम तोच राहतो. पुस्तकातील चित्र आणि फरशीवरचे पाणी यांचे येथे जुळत नाही.

याच ठिकाणी विद्यार्थ्याची खरी परीक्षा असते. तक्त्यावर काय लिहावे? पुस्तकात आहे ते, की पट्टीने मोजले ते? पुष्कळ वेळा मूल समजते की आपलाच प्रयोग चुकला, आणि आकडे पुस्तकाप्रमाणे बदलून टाकते. परंतु जे मूल थांबते आणि विचार करते, त्याला दोन गोष्टी उमगतात. खालच्या छिद्रातून पाणी सर्वाधिक वेगाने निघते, हे खरे आहे. मात्र त्याला जमिनीपर्यंत पडायला सर्वांत कमी वेळ मिळतो, हेही खरे आहे. अंतर या दोहोंवर ठरते. मग तीच बाटली २४ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच चौरंगावर ठेवावी आणि धारा खाली जमिनीवर पडू द्याव्यात. आता खालची धार सर्वांत लांब जाते. २४ सेंटिमीटर उंच चौरंगावर हे अंतर सुमारे ४६ सेंटिमीटर येते, तर वरच्या धारेचे सुमारे ३२. म्हणजे चित्र संपूर्ण खोटेही नव्हते. कोणत्या अपेक्षेने ते खरे, एवढे सांगावयाचे राहून गेले होते.

स्याद्वादाचा परिचय असलेल्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. 'स्यात्' याचा अर्थ 'कदाचित' असा नसून 'कथंचित्', म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, असा आहे. पाठशाळेत हा विचार शिकलेल्या मुलाला बाटलीच्या प्रयोगात तो हाताने करून पाहता येतो. थोर पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंह कोठारी हे जैन कुटुंबातील. आधुनिक भौतिकीतील पूरकतेचे तत्त्व आणि स्याद्वाद यांचा संबंध त्यांनी आपल्या लेखनात तपासला. १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि शाळेच्या वेळापत्रकातील 'कार्यानुभव' हा शब्द त्याच आयोगाच्या अहवालातून घरोघरी पोहोचला. हाताने काम केल्यावाचून विज्ञान पुरते कळत नाही, ही त्यामागची धारणा होती. मात्र एक सावधगिरी बाळगावी. शास्त्रात अमुक आधीच सांगितले आहे, एवढे तक्त्यावर लिहिल्याने प्रयोग सिद्ध होत नाही. शास्त्राचा आदर शास्त्राच्या ठिकाणी. मोजमाप मात्र प्रत्येकाला स्वतः करावे लागते.

घरातील परंपराही मोजून पाहण्याजोगी असते. पाणी गाळून पिण्याचा नियम जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. बांगलादेशातील ६५ गावांत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या साडीच्या कापडाची चार पदरी किंवा अधिक घडी करून पाणी गाळले गेले, तेव्हा पटकीच्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. सुटे जंतू कापडातून पार होतात. परंतु पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, ते कापडात अडकतात. म्हणजे लाभही कळला आणि मर्यादाही कळली. विद्यार्थ्याने हाच कित्ता गिरवावा. एक पदर, दोन पदर, चार पदर. नवे कापड, जुने कापड. एक लिटर पाणी उतरण्यास लागणारा वेळ. मागे राहिलेल्या गाळाचे वजन. यासाठी कसलाही विकतचा संच लागत नाही.

विषय शोधण्यासाठीही दूर जावे लागत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळत असताना आतील दालन कोरडे कसे राहते, हा प्रश्न बाटलीच्या छिद्रांचाच मोठा भाऊ आहे. तेर येथील प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात, हेही जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. साध्या भाजक्या विटेचे वजन घन सेंटिमीटरला दीड ते दोन ग्रॅम भरते. ते एक ग्रॅमच्या खाली आले तरच वीट तरंगेल. मातीत भाताचे तूस मिसळले तर भट्टीत ते जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळी राहते. तूस किती मिसळले असता वीट किती हलकी होते, आणि हलकी होताना किती ठिसूळ होते? गावातील कुंभाराची भट्टी, किराणा दुकानाचा तराजू आणि चार महिन्यांचा धीर, एवढ्या सामग्रीवर याचे उत्तर मिळू शकते. तरंगणारी वीट सावकाश पाणी पिऊन बुडू लागते; तो वेळही नोंदवावा.

या हलक्या विटेचा संबंध जिल्ह्याच्या सर्वांत दुःखद आठवणीशी पोहोचतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. दशलक्षण पर्वाची सांगता आणि गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांचा घात मुख्यतः त्यांच्याच घरांनी केला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवदावर वर्षानुवर्षे चढविलेला मातीचा थर. उन्हाळ्यात ही घरे थंड राहत. परंतु हादरा बसला की जेवढे वस्तुमान अधिक, तेवढे बल अधिक, हा न्यूटनचा नियम कोणाचीही गय करीत नाही. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. दोन्ही बाजू सुटल्या आणि छत खाली आले. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. भारतीय जैन संघटनेने श्री. शांतिलाल मुथा यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले आणि वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले. समाजाने त्या काळी मुलांसाठी जे केले, त्याचा अभिमान बाळगताना, आज शाळेत असलेल्या मुलांना त्या घरांच्या पडण्याचे कारण ठाऊक आहे काय, हेही विचारले पाहिजे.

भूकंपरोधक घराची प्रतिकृती प्रदर्शनांत नेहमी दिसते. ती प्रामाणिकपणे कशी करावी? एका ताटाखाली काचेच्या गोट्या ठेवून ते मागेपुढे हलविता येईल असे करावे. हलविण्याची लय घड्याळावर मोजावी. एकाच मातीच्या लहान विटांची दोन घरे रचावीत. त्यांत फरक एकच असावा : एका घराच्या चारही भिंतींना दरवाजाच्या माथ्यावर सलग पट्टी, दुसऱ्याला नाही. नंतर एकदा छत जड, एकदा हलके. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक चाचणी किमान पाच वेळा करावी. कोणते घर कितव्या हेलकाव्याला पडले, हे पाचही वेळा लिहावे. एखादे वेळी पट्टीचे घर आधी पडले, तर तेही लिहावे.

तक्त्यावर मात्र "हे घर ६.२ तीव्रतेचा भूकंप सहन करते" असे लिहू नये. तो आकडा भूगर्भात मुक्त झालेल्या ऊर्जेचा आहे. एखाद्या जागी हादरा किती बसेल, हे अंतरावर आणि जमिनीवर अवलंबून असते. शिवाय घर दहापट लहान केले की त्याचे वजन हजारपट घटते, पण भिंतीच्या छेदाचे क्षेत्र शंभरपटच घटते. त्यामुळे लहान प्रतिकृती खऱ्या घरापेक्षा अधिक बळकट भासते. पट्टीमुळे घर अधिक टिकले, एवढेच ती प्रतिकृती सांगू शकते. जेवढे सिद्ध झाले तेवढेच सांगणे, हा वाणीचा संयम आहे. उमरगा-लोहारा परिसरात या संयमाला विशेष अर्थ आहे. तेथे प्रदर्शन पाहण्यास येणाऱ्यांत असे आजी-आजोबा असतात, ज्यांनी त्या पहाटे आपली माणसे गमावली आहेत. त्यांच्यासमोर मुलाने जे सांगावे ते खरे असावे.

आता मूळ मुद्दा. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत दोन असे आहेत की जणू ते विज्ञान प्रदर्शनासाठीच सांगितले असावेत. एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापात कमी-अधिक करणे. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली वस्तू खरी म्हणून देणे. व्यापारी समाजाला हे दोन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. दुकानातील तराजूच्या बाबतीत जो नियम, तोच मुलाच्या वहीतील आकड्याला का असू नये? पुस्तकाशी जुळावे म्हणून २१ चे २६ करणे हे मापातील कमी-अधिकच होय. दुसऱ्याने केलेले उपकरण आपले म्हणून मांडणे हा प्रतिरूपक व्यवहारच होय. ज्या घरात खोटे वजन वापरणे निंद्य मानले जाते, त्या घराने मुलासाठी तयार प्रकल्प विकत आणण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. विकतचा भाग वापरणे दोषास्पद नाही. मोटार विकत आणली, जोडणी काकांनी शिकविली, असे वहीत स्वच्छ लिहिले की तो व्यवहार शुद्ध झाला.

आणि फसलेल्या चाचण्या? त्यांच्यासाठीही परंपरेत शब्द आहे : आलोचना. झालेली चूक गुरूसमोर जशी घडली तशी सांगणे. प्रयोगवहीतील खोडलेली, तारीख घातलेली, "आज पूल दीड किलोला मोडला, सांधा सुटला" अशी नोंद ही विद्यार्थ्याची आलोचना असते. पुढचा पूल दोन किलो पेलतो तो त्या नोंदीमुळे. विज्ञानाच्या सर्वोच्च शालेय स्पर्धेतही हीच दृष्टी आहे. आंतरराष्ट्रीय भौतिकी ऑलिंपियाडमध्ये भारतीय विद्यार्थी १९९८ पासून भाग घेत आले असून त्यांची तयारी मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करून घेते. तेथील ५० गुणांपैकी २० गुण प्रत्यक्ष प्रयोगाला असतात आणि मोजमापात चूक किती संभवते, हेही विद्यार्थ्याला सांगावे लागते. आपल्या आकड्यातील अनिश्चितता मान्य करणाऱ्याला तेथे गुण मिळतात.

संस्थेच्या पुढील वाटचालीसाठी यातून तीन गोष्टी सुचतात. पहिली, समाजातील विद्यार्थ्यांना पारितोषिके देताना एक पारितोषिक प्रयोगवहीसाठी असावे. उपकरण कोणतेही असो, वही तारीखवार, स्वतःच्या अक्षरात आणि फसलेल्या चाचण्यांसह असावी. दुसरी, संस्थेच्या सभागृहात एका कपाटाची सोय व्हावी. त्यात ताणकाटा, मापनपात्र, व्हर्नियर, थांबघड्याळ, मल्टिमीटर अशी साधने असावीत आणि ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ती कोणत्याही जातिधर्माच्या विद्यार्थ्याला नोंद करून घरी नेता यावीत. ग्रंथभांडारे जपणाऱ्या समाजाला अशा साधनांचे भांडार जड जाऊ नये. चतुर्विध दानातील ज्ञानदानाचेच ते एक रूप आहे. तिसरी, स्पर्धेपूर्वीच्या एखाद्या रविवारी समाजातील वडीलधाऱ्यांनी मुलांसमोर बसावे आणि एकच प्रश्न विचारावा : "बाळ, ही गाठ इथे का ठेवलीस?" दुकानदार, सुतार, शेतकरी, अभियंता, गृहिणी, सर्वांना हा प्रश्न विचारता येतो. उत्तर ऐकण्यास मात्र सवड काढावी लागते.

पालकांसाठी याहून निराळे सांगण्यासारखे थोडेच आहे. मुलगा वा मुलगी रात्री तारा जोडत बसली आणि दिवा लागला नाही, तर लगेच उठून तो लावून देऊ नये. शेजारी बसावे, वीज सांभाळून वापरली जाते की नाही ते पाहावे, आणि "काय करून पाहिलेस ते लिहिलेस का?" एवढे विचारावे. तालुक्याला निवड झाली नाही तरी ती वही फेकू नये. दहा वर्षांनी तीच मुलगी घर बांधताना गवंड्याला विचारील, "चारही भिंतींना सलग पट्टी घातली का?" त्या प्रश्नाचे मोल कोणत्याही ढालीपेक्षा अधिक आहे, हे १९९३ पाहिलेल्या या जिल्ह्याला कोणी सांगावयास नको.

सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र ही तीन रत्ने निरनिराळी मिळत नाहीत. जसे आहे तसे पाहणे, पाहिले ते तपासून जाणणे आणि जाणले त्याप्रमाणे खरे वागणे, यांचा पहिला धडा सहावीतील एखादे मूल पाण्याची बाटली, पट्टी आणि वही घेऊन गिरवू शकते. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत अशा वह्यांनी तिचे कपाट भरो, हीच या मंगल प्रसंगी शुभकामना.

जय जिनेंद्र!